तिसरा व्हॉल्व्ह

रविवारी सकाळी लॉनमध्ये तिसरा खड्डा खणून झाला आणि त्यातूनही काही निघालं नाही, तेव्हा मी म्हटलं, "अहो, आता पुरे करा. गवत वाळलं तर वाळू दे. आपल्याला काय त्यात चरायला जायचंय?"

ह्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यावर बसले होते, हातात मापांचं जुनं फील्डबुक होतं आणि त्यातली एकच ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचत होते. चष्मा घामाने नाकावरून घसरत होता. साडेसातच वाजले होते, पण मे महिन्यात लखनऊला सकाळ अशी नसतेच.

हे म्हणजे माझे यजमान, शरद केळुसकर. मानक नगरला रेल्वेच्या संशोधन कार्यालयात, पुलांच्या विभागात एकतीस वर्षं काढली आणि ब्याण्णव साली निवृत्त झाले. आमच्याबरोबरची बहुतेक मराठी माणसं निवृत्तीनंतर सामान बांधून पुण्याला नाहीतर आपापल्या गावी गेली. आम्ही गेलो नाही, कारण तोवर विकास नगरात आमचं घर बांधून झालं होतं, आणि घरापुढे ह्यांचं लॉन होतं. साताऱ्याला कुठलं लॉन असणार?

रोज नळी धरून लॉनला पाणी घालणं म्हणजे माणसाचा वेळ फुकट घालवणं, असं ह्यांचं मत. नळी धरून मी उभी राहत असे, पण मत ह्यांचं होतं. म्हणून नव्वद साली ह्यांनी सगळं लॉन उकरून खाली लोखंडी पाइप घातले. चार ओळी, प्रत्येक ओळीवर पितळेची चार कारंजी. पंप सुरू केला की सोळा कारंजी एकदम उडायची. शेजारपाजारची पोरं फाटकाशी येऊन बघायची. एखादी ओळ बिघडली तर तेवढीच बंद करता यावी म्हणून प्रत्येक ओळीच्या तोंडाशी जमिनीखाली एक व्हॉल्व्ह होता. विटांचा छोटासा हौद बांधून त्यात बसवलेला, वर सिमेंटची फरशी. हिरव्या गवतात त्या चार फरश्या ठिगळांसारख्या दिसत होत्या. ह्यांना ते खुपायला लागलं. चारही व्हॉल्व्ह कायम उघडेच ठेवायचे होते, रोज हात लावायचा नव्हता. म्हणून वर्षभरातच फरश्यांवर वीतभर माती टाकून हरळी लावली, आणि व्हॉल्व्ह दिसेनासे झाले.

"पुढे सापडणार कसे?" मी तेव्हा विचारलं होतं.

"मापं लिहून ठेवलीत," हे म्हणाले होते. विषय संपला.

आठ वर्षं खरंच काही झालं नाही. ह्या वर्षी होळीनंतर तिसऱ्या ओळीची कारंजी खाली बसायला लागली. मेमध्ये तर ती नुसती बुडबुडायची, आणि पाणी तिकडे फाटकाशी जमिनीतून वर यायचं. पंप अर्धा तास चालला की गच्चीवरची टाकी रिकामी, आणि मी स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभी. शेवटी टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला. लॉन आठ दिवसांत पिवळं पडलं.

ह्यांनी पहिला खड्डा मापाप्रमाणे खणला. काही नाही. मग माप तपासून एक हात अलीकडे, मग एक हात पलीकडे. लोखंडी सळई जमिनीत खुपसून फरशीचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला, पण घर बांधतानाचा सगळा राडारोडा त्याच मातीखाली होता. सळई जिथे घालावी तिथे ठण्ण वाजायची.

"साहब," जगदीश हळूच म्हणाला, "पानी तो फाटक पे निकल रहा है. वहीं से पाइप पकड़ के पीछे-पीछे खोदते चलें तो मिल ही जाएगा."

जगदीश आमचा माळी. आमच्याच वयाचा, आणि लॉनच्या पहिल्या दिवसापासून आमच्याकडे येणारा. पाइप पुरताना चरही त्यानेच खणले होते.

"पूरा लॉन फाड़ दूँ?" हे उखडले. "नाप है मेरे पास. नाप होते हुए अंधे की तरह क्यों खोदूँ?"

"जी साहब," म्हणून जगदीशने पुन्हा फावडं उचललं. त्या माणसाने आयुष्यात कधी कोणाला दुसऱ्यांदा सल्ला दिला असेल असं मला वाटत नाही.

नुसत्या व्हॉल्व्हचीच गोष्ट असती तर मी दार लावून कूलरसमोर आडवी झाले असते. पण तो व्हॉल्व्ह आता व्हॉल्व्ह राहिला नव्हता. त्याचं कारण सांगते.

जानेवारीत हे निशातगंजला भाजी आणायला स्कूटरवरून गेले आणि सवारीच्या टेम्पोने परत आले. स्कूटर कुठे आहे म्हटलं तर माझ्याकडे बघत राहिले. ती बिचारी मार्केटमध्ये फळवाल्याच्या गाड्याशी उभी होती, किल्लीसकट. असं कोणाचंही होऊ शकतं, मी म्हटलं. मग फेब्रुवारीत शेजारच्या सरलाताईंच्या नातवाचं नाव दहा मिनिटांत तीनदा विचारलं. मग एकदा भर दुपारी कपडे करून बाहेर पडायला निघाले, आणि कुठे चाललात म्हटल्यावर खुर्चीत बसले. "कुठे नाही," म्हणाले.

आमचा मुलगा सौरभ बंगळूरला असतो. जन्म मानक नगरचा, त्यामुळे मराठी कळते पण तोंडातून हिंदीच निघते. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "मम्मी, बाबा ने मुझसे एक ही फोन में दो बार पूछा कि छुट्टी कब है. प्लीज यार, किसी डॉक्टर को दिखाओ ना."

माझे सासरे पासष्टाव्या वर्षी साताऱ्यात राजवाड्यापाशी उभे राहून लोकांना स्वतःच्या घराचा पत्ता विचारायचे. शेवटची चार वर्षं त्यांना हे कोण आहेत तेसुद्धा कळत नव्हतं. ह्यांनी दर सुट्टीत जाऊन त्यांना आंघोळ घातली, भरवलं. घरी आल्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. ह्यांना आता चौसष्टावं चालू होतं. आम्हा दोघांच्याही मनात काय होतं ते सांगायला ज्योतिषी नको होता.

मी निशातगंजच्या एका मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. चार दिवस हिंमत गोळा करून सांगितलं. वाटलं होतं आकांडतांडव करतील. हे शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. गुरुवारपर्यंत व्हॉल्व्ह सापडला तर मी येणार नाही. नाही सापडला तर येतो. मी बसवलेला, मी मोजलेला, मी लिहिलेला. तो मला सापडत नसेल तर डॉक्टरच हवा."

असली पैज कोणी लावतं का? पण ह्यांनी लावली होती. मला तर कळेनासंच झालं की देवाकडे काय मागायचं. व्हॉल्व्ह सापडावा हे, की सापडू नये हे?

सोमवारी चौथा खड्डा. मंगळवारी पाचवा. लॉनची चाळण झाली होती. मंगळवारी दुपारी जेवताना हे वरणभात कालवत बसले आणि एकदम म्हणाले, "सुहास, मी लिहिलं तेव्हाच चुकीचं लिहिलं असेल का?"

"असेल. माणूस आहे."

"मी नाही चुकत मापात." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे मग आताच मला वाचता येत नाहीये."

मी ह्यांच्या पानात आणखी वरण वाढलं. बोलून बोलून माझं तोंड दुखायला लागलं होतं. खरं सांगायचं तर मी थकले होते. ह्यांच्यावर नजर ठेवून, नजर ठेवते आहे हे न दाखवून, गॅस बंद केलाय ना, फाटक लावलंय ना, पाठोपाठ जाऊन बघून. माणूस घरात असताना त्याची वाट बघायची, असं काहीतरी झालं होतं माझं.

बुधवारी सकाळी पूजा आटोपून मी तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला अंगणात आले. आमचं वृंदावन सिमेंटचं, कमरेएवढं उंच. घर बांधलं तेव्हा साताऱ्याहून मागवता येईना म्हणून इथल्याच कारागिराला चित्र काढून दाखवून करून घेतलेलं. बघते तर जगदीश वृंदावनाशी उकिडवा बसलेला, टेपचं टोक त्याच्या कठड्याला दाबून धरलेलं, आणि हे पलीकडे टेप ताणत पूर्वेकडे चाललेले.

चार दिवस मी खड्डे बघत होते. टेप कुठून निघते हे बघायचं मला सुचलं नव्हतं.

"तुळशीपासून मोजताय?" मी विचारलं.

"मग कशापासून?" हे मागे न बघता म्हणाले. "पुलाच्या कामात पहिली गोष्ट कुठली? न हलणारी खूण धरायची. झाडं तोडतात, खांब उपटतात, कुंपण सरकतं. मराठी माणसाच्या अंगणातली तुळस कोण हलवतं?" आणि फील्डबुक न उघडताच म्हणून दाखवलं, "व्हॉल्व्ह नंबर तीन. तुळशीपासून पूर्वेला बारा फूट, पुढच्या भिंतीपासून नऊ फूट."

मला एकदम सुटल्यासारखं झालं. मी हसायलाच लागले. "अहो! तुळस आपण हलवली नाही का? ती पूर्वी तिकडे होती, त्या बाजूला! शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवला, सकाळचं ऊन येईना, तुळस वाळायला लागली, म्हणून आठ फूट इकडे सरकवली!"

मला वाटलं, हे आता कपाळावर हात मारतील. मारणारच. कारण तुळस हलवायची ती ह्यांनीच हलवली होती, चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर, आणि काय थाटात! चार माणसं लावून उचलू म्हटलं तर नाही म्हणाले. पाइपचे तुकडे कापले, ते खाली घालून वृंदावन त्यावर चढवलं आणि पुलाचा गर्डर सरकवतात तसं इंचाइंचाने पुढे नेलं. मागून जगदीश पहारीने ढकलत होता, पुढून हे दोर धरून "और! और! बस!" ओरडत होते. मातीचा एक ढेपळा सांडला नाही. मग महिनाभर घरी येईल त्याला ती हकीकत चहाबरोबर ऐकवली. मला पाठ झाली होती.

हे टेप हातात धरून माझ्याकडे वळले.

"कोणी हलवली?" ह्यांनी विचारलं.

मी बघत राहिले. थट्टा नव्हती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. आणि मग हळूहळू तिथे भीती आली. डोळे एकदा वृंदावनाकडे गेले, एकदा शेजारच्या मजल्याकडे, पुन्हा माझ्याकडे. त्या क्षणी ह्यांना राजवाड्यापाशी उभा असलेला आपला बाप दिसला असणार. मला तरी दिसला.

"मी," मी म्हटलं. "मीच हलवून घेतली."

"तू?"

"तुम्ही साताऱ्याला गेला होतात ना, जमिनीच्या कामाला, तेव्हा. म्हटलं, तुम्ही आल्यावर बघाल. मग सांगायचं राहूनच गेलं."

इतकं खोटं मी लग्नाच्या सदतीस वर्षांत कधी बोलले नव्हते. ह्यांना ते पटत नव्हतं, दिसत होतं. हे जगदीशकडे वळले. "क्यों जगदीश? तुलसी तुमने हटाई थी?"

जगदीशने टेपचं टोक सोडलं नाही. आमच्या घरात चौदा वर्षं वावरून त्याला मराठी पुरती कळत होती. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान खाली घातली.

"जी साहब. मेमसाहब बोली थीं. आप बाहर गए थे. गलती हो गई, आपको बताना चाहिए था."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. म्हणून तर पाइप धरून मागे मागे खणू म्हणत होता. साहेबांना आठवत नाही हे साहेबांच्या तोंडावर सांगण्यापेक्षा तो पाच खड्डे खणायला तयार होता.

ह्यांच्या जिवात जीव आलेला मी डोळ्यांनी पाहिला. खांदे खाली आले. रंग परत आला. आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला माझ्यावर! "अगं, बेंचमार्क हलवतं का कोणी? सदतीस वर्षं इंजिनिअरबरोबर संसार केलास ना? पाच खड्डे! पाच खड्डे खणले मी तुझ्यापायी! मला वेड लागायची पाळी आली होती!"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलं म्हणे!"

मी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि मुकाट्याने पायरीवर बसले. मला बोलणी खाताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं वाईटही.

आठ फूट पूर्वेला सरकून नव्याने माप घेतलं. जगदीशने फावडं मारलं आणि तिसऱ्याच घावाला फरशी वाजली. आवाज असा स्वच्छ आला की मलाही कळला. फरशी पहारीने उचलली. खालचा हौद चिखलाने भरलेला, हरळीची मुळं केसांच्या गुंत्यासारखी. मगाने उपसून उपसून तळाशी व्हॉल्व्ह दिसला, हिरवा पडलेला, आणि त्याच्या चाकाच्या दांडीभोवतून पाइपात उरलेलं पाणी झिरपत होतं.

"पॅकिंग गेलंय," हे म्हणाले. "बाकी व्हॉल्व्हला काही झालेलं नाही. आठ वर्षं जमिनीत आहे, अजून शंभर वर्षं जाईल."

मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. ह्यांनी आधी चाकावर रॉकेल सोडलं आणि थांबले. घाई केली नाही. हातोडीने अगदी हलकेच टकटक करत राहिले, जोवर गंज सुटला नाही. दांडीभोवतीचा नट पान्याने सोडवला. आतलं पॅकिंगचं कुजलेलं सूत काढायला माझी क्रोशाची सुई मागितली. मी कुरकुर न करता दिली. मग नव्या सुताला ग्रीस चोपडून ते दांडीभोवती गुंडाळलं, नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने. "उलटं गुंडाळलंस तर आवळताना उलगडतं," हे मला सांगत होते, जणू मी उद्यापासून हेच काम करणार होते. नट आवळला, तोही बेताने. वर जाऊन टाकीचा मोठा व्हॉल्व्ह उघडायला जगदीशला पाठवलं, पंप चालू केला. दांडीशी एक थेंब जमला. नट आणखी किंचित फिरवला. थेंब थांबला.

हात कुठे चुकत नव्हते. एकदाही नाही. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला काही झालेलं नाही. एक तुळस विसरला. माणसं काय काय विसरतात.

सोळाच्या सोळा कारंजी उडाली. पिवळ्या लॉनवर, पाच खड्ड्यांवर, जगदीशच्या डोक्यावर. हे चिखलाने भरलेल्या हातांनी तसेच घरात गेले आणि सौरभला फोन लावला. "तुझ्या आईचे पराक्रम ऐक!" इथपासून सुरुवात केली. पुष्कळ दिवसांनी मी ह्यांना एवढ्या मोठ्याने हसताना ऐकलं. शेवटी म्हणाले, "आणि तो डॉक्टर-बिक्टर रद्द. व्हॉल्व्ह सापडला. माझं डोकं शाबूत आहे."

फोन माझ्या हातात आला. सौरभ म्हणत होता, "मम्मी? सच में? तूने तुलसी हटाई थी?" त्यालाही ती हकीकत ठाऊक होती. सगळ्यांनाच ठाऊक होती.

"हो," मी म्हटलं. हे समोरच उभे होते.

म्हणजे मी एका खोट्याने ह्यांना पैज जिंकून दिली होती आणि डॉक्टरचं दार स्वतःच्या हाताने लावून टाकलं होतं. संध्याकाळभर मी भांडी घासत, कपड्यांच्या घड्या करत तेवढाच विचार करत होते. करून करून डोकं बधिर झालं. शेवटी कपड्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि ह्यांच्यापुढे जाऊन बसले.

"उद्याची वेळ आहे ती राहू दे," मी म्हटलं. "मला दाखवायचंय."

"तुला? तुला काय झालं?"

"तुम्हीच बघा ना. एवढं वृंदावन हलवलं आणि चार वर्षं सांगायचं विसरले. हल्ली मला काही आठवतच नाही. भीती वाटते."

भीती वाटते हे खरंच होतं, त्यामुळे डोळ्यांत पाणी आणायला कष्ट पडले नाहीत. हे एकदम विरघळले. सकाळी इतकं ओरडलो याचं वाईट वाटलं असणार. माझा हात हातात घेतला, असं हे फारसं करत नाहीत. "वेडी आहेस," म्हणाले. "काही झालेलं नाही तुला. पण दाखवून घेऊ. मी येतो ना बरोबर."

गुरुवारी आम्ही रिक्षाने गेलो. हे सगळ्या वाटेवर मला सांभाळत होते. चढताना हात, उतरताना हात. दवाखान्याच्या बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसले. माझा बेत असा होता की आत गेल्यावर काहीतरी निमित्त काढून डॉक्टरांशी एकटीने बोलायचं. पण नाव पुकारलं आणि हे माझ्याआधी उठले. "मी आहे, घाबरू नकोस." डॉक्टरांसमोरच्या दोन खुर्च्यांत आम्ही शेजारी शेजारी बसलो.

डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. माझं नाव, वय, महिना, वार विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "अच्छा बहनजी, सौ में से सात घटाइए. फिर उसमें से सात. ऐसे घटाती जाइए."

"तिरानबे," मी म्हटलं. "छियासी."

आणि थांबले. पुढचं मला येत होतं. मी मुद्दाम थांबले. शेजारी बसलेल्या माणसासमोर कोणी गणितात अडलं की त्याला राहवत नाही, हे मला माहीत होतं. मी माझ्या नवऱ्याची परीक्षा घेत होते, त्याला न सांगता, आणि मला त्याची लाज वाटत होती.

"उन्यासी," हे लगेच पुटपुटले.

माझी छाती हलकी झाली. डॉक्टर हसले. "वाह! साहब को आता है. आगे?"

"बहत्तर."

"और?"

मी वाट पाहिली. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद फडफडत होते. ह्यांचे ओठ हलले, मग थांबले. बोटं पर्सच्या बंदावर काहीतरी मोजायला लागली. एक, दोन, तीन, आणि पुन्हा एकपासून.

"घटाना कितना था?" ह्यांनी विचारलं.

"सात."

"हाँ. सात." पुन्हा ओठ हलले. "किसमें से?"

डॉक्टरांचं माझ्याकडचं लक्ष केव्हाच निघालं होतं. ते ह्यांच्याकडे बघत होते, आणि ते बघणं ह्यांना कळलं. एकदम चिडले. "टेस्ट इनका है, मेरा नहीं. मुझे क्यों पूछ रहे हैं?"

"ठीक है, ठीक है," डॉक्टर मऊपणे म्हणाले आणि पेन खाली ठेवलं.

हे माझ्याकडे वळले. आधी रागाने. मग तो राग कुठे गेला कळलं नाही. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. तो लपवायचं राहून गेलं होतं. हे किती तरी वेळ बघत राहिले. एकतीस वर्षं पुलांतली भेग शोधणारा माणूस तो.

"सुहास," डॉक्टरांना कळू नये म्हणून हळू आवाजात मराठीत म्हणाले, "तुळस मीच हलवली होती का?"

मी पुन्हा खोटं बोलू शकले असते. तोंडावर आलंही होतं.

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच. पाइपचे तुकडे खाली घालून."

ह्यांनी मान हलवली. आठवलं म्हणून नव्हे. मी सांगितलं म्हणून. मांडीवरची पर्स माझ्याकडे दिली, घसरलेला चष्मा नीट केला, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून डॉक्टरांना म्हणाले, "अब मुझसे पूछिए."